अडकलेला थ्रेड कोणाचा

आमच्या ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी इंदूरचा, आणि ती मानपूरहून रोज बसनं येणारी, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. मला दादा म्हणायची. जेवणाच्या सुट्टीत आमचं निम्मं हिंदी, निम्मं मराठी चालायचं. बाकी दिवसभर सगळ्यांशी हिंदीच.

आम्ही पॅकिंग मशीन चालवणारा प्रोग्राम लिहीत होतो. त्यात एकाच वेळी बरीच कामं चालतात: एक काट्यावरचं वजन वाचतं, एक पट्टा हलवतं, एक स्क्रीनवर आकडे दाखवतं. अशा प्रत्येक कामाला थ्रेड म्हणतात. मशीन लहान, म्हणून हे थ्रेड आमच्या कंपनीनं स्वतःच्या पद्धतीनं बनवले होते. त्यामुळे चूक शोधायचं जे साधन असतं, डीबगर, त्याला त्या क्षणी चालू असलेला एकच थ्रेड दिसायचा. बाकीचे असून नसल्यासारखे.

प्रोग्राम दर तीन-चार दिवसांनी अडकायला लागला. डीबगर लावला की दरवेळी पट्ट्याचा थ्रेड दिसायचा, आणि तो तिनं लिहिलेला होता. ती मला म्हणाली, "दादा, माझा थ्रेड फक्त वजन आलं का, एवढंच विचारत बसलाय. अडवणारं दुसरं कोणीतरी आहे."

मी हो-हो केलं. पण मीटिंगमध्ये आमच्या टीमच्या सरांनी मला सीधा विचारलं की तुम्हाला काय वाटतं, तेव्हा मी म्हणालो, "दिसतंय तर तिकडेच." ती माझ्या शेजारीच बसली होती. महिनाअखेरीस कंपनीनं तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला. निघताना तिनं अडकलेल्या प्रोग्रामच्या मेमरीच्या जपून ठेवलेल्या सगळ्या फाइली माझ्याकडे दिल्या. कोणत्या दिवशीची कोणती, तेही लिहून दिलं.

ती गेल्यावरही प्रोग्राम अडकतच राहिला. तिचा कोड दुसऱ्यानं नव्यानं लिहिला, तरी अडकला. मग मी हट्टाला पेटलो. डीबगरला पायथन भाषेत लिहिलेले प्लग-इन, म्हणजे छोटे जोड-प्रोग्राम, लावता येतात. मी तसं एक लिहायला घेतलं. मेमरीत आमच्या थ्रेडांची यादी शोधायची, थांबताना प्रत्येक थ्रेड कुठे होता ते वाचायचं, आणि कोणतं लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं कुलूप, कोणाच्या ताब्यात आहे नि त्यासाठी कोण थांबलंय, ते समोर मांडायचं. तीन आठवडे लागले. किती वेळा कचरा आकडे आले आणि सगळं पुसून परत सुरू केलं, त्याचा हिशोब नाही.

प्लग-इन नीट चाललं त्या दुपारी मी तिच्याच फाइलींतली पहिली उघडली. सात थ्रेड, नावांसकट, एकाखाली एक आले. वजनाच्या थ्रेडनं लॉक धरून ठेवलं होतं आणि ते न सोडताच तो स्क्रीनच्या थ्रेडची वाट पाहत होता. स्क्रीनचा थ्रेड त्याच लॉकसाठी थांबलेला. तिचा थ्रेड बिचारा खरंच नुसता विचारत होता. मी दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे तेच.

वजनाचा थ्रेड मी लिहिला होता.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. मी सरांना सगळं सांगितलं. ते प्लग-इन बघून खूश झाले. बाकीच्याबद्दल म्हणाले, "अब छोड़ो भिया, वो तो गई." पुढच्या आठवड्यात त्यांनी मला ते सगळ्यांपुढे दाखवायला लावलं. टाळ्या वाजल्या. उदाहरण म्हणून मी तिचीच फाइल वापरली.

ती आता इंदूरजवळच्या राऊमधल्या एका कॉलेजात लॅब सांभाळते असं कळलं, तेव्हा मी जाऊन भेटलो. चूक माझी होती, हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे मीटिंगमध्ये सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय, दादा? मला तर माहीतच होतं." मग म्हणाली की एवढं वाटतंय तर ऑफिसच्या मेलवर सगळ्यांना लिहा, आणि मला एक कॉपी पाठवा.

मी लिहिलं. पाठवण्याआधी सरांना दाखवलं. ते दाखवायची काही गरज नव्हती. त्यांनी माझं नाव काढलं, तिचंही काढलं, आणि "टीमला एक जुनी त्रुटी आढळली, ती दूर केली आहे" एवढंच ठेवलं. त्या वर्षी मी टीम लीड होणार होतो. मी तेच पाठवलं आणि तिला कॉपी दिली.

तिचं एका ओळीचं उत्तर आलं: "यात मी कुठे आहे?"

त्या वर्षी मी टीम लीड झालो. नवीन आलेल्यांना पहिल्या आठवड्यात ते प्लग-इन मीच शिकवतो, आणि कोणी विचारलंच की हे लिहायची गरज का पडली, तर प्रोग्राम अडकत होता म्हणून, एवढंच सांगतो.