कंपनीचा माणूस

मुलींना फसवून परगावी विकणाऱ्यांविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेत, गोंदियाला, मी काही वर्षं नोकरी केली. मला घेतलं ते मराठी बरं लिहितो म्हणून. अहवाल, पत्रकं, भिंतीवरची पोस्टरं आणि सचिवसाहेबांची भाषणं हे माझं काम. पुढे माणसं कमी पडली तेव्हा पाठपुरावाही माझ्याकडे आला. म्हणजे सुटून घरी परतलेल्या मुलीला वर्षभर दर महिन्याला घरी जाऊन भेटायचं, फोटो काढायचा, सही घ्यायची आणि चार पानांचा तक्ता भरायचा. त्यात 'समाजाने स्वीकारले आहे काय?' असा एक रकाना होता. समाजाला विचारल्याशिवाय तो भरायचा कसा, आणि विचारल्यावर समाज काय करील, हे तक्ता आखणाऱ्याला सुचलेलं दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही सुचलं नव्हतं.

सौंदडला गाडीतून उतरून पुढे जावं लागे अशा एका गावातली एक मुलगी माझ्या यादीत होती. वीसेक वर्षांची. नागपूरला कामाला लावतो म्हणून कुणी तिला नेलं आणि तिसऱ्याच राज्यात एका खोलीत कोंडलं. पोलिसांनी सोडवलं, काही महिने ती सरकारी वसतिगृहात राहिली, मग आई जाऊन घेऊन आली. घरात या दोघीच. आईनं गावात सांगून ठेवलं होतं की पोट्टी नागपूरला लोणच्याच्या कंपनीत होती, आता कंपनी सोडून आली.

पहिल्या भेटीला आम्ही जीपनं गेलो. जीपवर दोन्ही बाजूंना बेडी तोडणारे हात, त्यांतून उडणारी पाखरं आणि हातभर अक्षरांत 'पीडित महिला पुनर्वसन प्रकल्प'. येणार असल्याचं मी साध्या लिफाफ्यातून कळवलं होतं, तेवढी अक्कल होती. आई गावाबाहेर नाल्यावरच उभी होती. तिनं जीपची एक बाजू वाचली, चालत जाऊन दुसरी वाचली आणि हात जोडले.

"हे गाडी गावात नका नेऊ जी. पाया पडतो तुमच्या."

जीप परतवली. दुसऱ्या महिन्यात मी सौंदडला उतरून भाड्याची सायकल घेतली. शेजारणीनं विचारलं तेव्हा आई म्हणाली, "कंपनीचे साहेब होत. परत कामावर ये म्हनून राहिले." मला हे युक्तीचं वाटलं. साहेब होण्याची माझी ती पहिलीच वेळ.

त्या दिवशी मुलगी पहिल्यांदा 'हो-नाही'च्या पलीकडे बोलली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्याखाली बसून तक्त्याकडे पाहत म्हणाली, "अंगणवाडीत मदतनीस पाह्यजे हाय. खिचडी रांधाची, लेकरं आनाची. म्या अर्ज देलो. गावातल्या बाया सभेत नाव ठरवनार हायेत."

"मग होईल की."

"समजलं तं होनार नाई," ती म्हणाली. "ज्या हाताची खिचडी, थो हात कोठं होता, हे पाहातेत बाया."

मी 'रोजगार' या रकान्यात आनंदानं 'संभाव्य' असं लिहिलं. सभा कधी आहे, हे विचारायचं राहिलं.

तिसऱ्या भेटीला महिनाअखेर गाठली. ग्रामपंचायतीसमोरून सायकल दामटत होतो, तर ओसरीवर गावच्या सगळ्या बाया बसलेल्या. माझ्यासाठी नव्हे, मदतनिसासाठी. शेजारणीनं मात्र मला बरोबर ओळखलं.

"हाच होय थो कंपनीवाला! दर महिन्याले येते."

बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी सायकलचं हँडल धरलं. "या जी, बसा. कोनत्या कंपनीचे तुमी?"

"नागपूरची. लोणच्याची."

"नाव का तिचं?"

मी बऱ्यापैकी वाचलेला माणूस आहे. त्या क्षणी मला लोणच्याच्या एकाही कंपनीचं नाव आठवेना, आणि खोटंही सुचेना.

"कारड दाखवा."

ओळखपत्र खिशात होतं. त्यावर माझ्या फोटोखाली 'पुनर्वसन अधिकारी' असं लिहिलेलं, आणि वर संस्थेचं नाव, ते हात, ती पाखरं. ते बाहेर काढलं असतं तर माझी सुटका झाली असती, आणि तिचा सारा हिशोब त्या ओसरीवर उलगडला असता. मी म्हणालो, "घरी राहिलं."

अध्यक्षबाई मागं वळल्या. भिंतीवर आमचंच पोस्टर होतं. 'सावधान! दलाल असा ओळखा.' मजकूर माझा. बाई बोट ठेवून एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागल्या आणि बाया माझ्याकडे बघून ताडू लागल्या. अनोळखी पुरुष. वारंवार येतो. शहरात कामाचं आमिष दाखवतो. मुलीचा फोटो मागतो.

"क्यामेरा पाहा पिशवीत!" कोणी तरी ओरडलं. कॅमेरा होता.

"गोड बोलतो," बाईंनी पुढची ओळ वाचली.

"गोड तं नाई बोलत हा," एक म्हातारी म्हणाली. "थोबाड पाहा कसं हाय, एरंडेल पेल्यावानी."

"तेवढं सोडा, बाकी जमते."

पोस्टर इतकं स्पष्ट लिहिल्याबद्दल मला त्या वर्षी शाबासकी मिळाली होती.

मग मुलीला बोलावलं. आईसुद्धा आली, पदराचं टोक तोंडात धरून. अध्यक्षबाईंनी विचारलं, "ओळखतं का वो ह्याले?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं आणि मग कुठं पाहावं ते कळेना.

"ओळखतो," ती म्हणाली. "मांगं लागला हा माह्या. चाल म्हनते नागपूरले, चांगलं काम देतो म्हनते. म्या म्हनलो, मले नाई जाचं कोठं. म्या गावातच राहीन."

आवाज जरासुद्धा कापला नाही. तो खोटेपणा होता की इतके दिवस कुणाला तरी सांगायचं राहिलेलं ती आता मला सांगत होती, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही नाही. बायांनी मात्र तिला मध्ये घेतलं. "शाबास वो पोट्टे!" माझ्या पाठीत दोन धपाटे बसले, पोलीसपाटलांनी दंड धरला. मागं ओसरीवर मदतनीस म्हणून तिचं नाव पुकारलेलं मी ऐकलं.

ठाण्यात ओळखपत्र दाखवलं. हवालदारानं संस्थेत फोन लावला आणि मग बराच वेळ हसत बसला.

सचिवसाहेब आधी चिडले, मग त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हमारे ही आदमी को पकड लिया! जागरूकता का इससे बडा सबूत क्या होगा? सत्कार करेंगे उस बच्ची का. शाल, श्रीफळ. जीप लेके जायेंगे."

मी तिच्या खिचडीचं सांगितलं. ते म्हणाले, नाव नाही घेणार, फक्त मंचावर बसवू. शेवटी मी म्हणालो, "ठीक आहे. पण पेपरवाले विचारतील दलाल कोण होता, तेव्हा मला संस्थेचंच नाव सांगावं लागेल." सत्कार रद्द झाला. त्या गावात मला जाता येणार नव्हतं, आणि दुसरं कुणी गेलं असतं तरी पोस्टर तिथं होतंच. उरलेल्या नऊ भेटींसाठी मी 'लाभार्थीचा भेटीस नकार' असं लिहून फाईल बंद केली, आणि आपण काहीतरी बरं केलं असं दोन-तीन आठवडे समजत राहिलो.

एक दिवस तिची आई ऑफिसात आली. गोंदियाला बाजाराला आले, म्हणाली.

"पोट्टीनं विचाराले लावलं. साहेबाले लागलं तं नाई ना जास्त?"

"नाही. ती कशी आहे?"

"बरी हाय. लेकरं आनते, रांधते. बाया मान देतेत." मग म्हणाली, "घरी आली का दार लावून बसते. वाढलं तं जेवत नाई. म्या बोललो तं म्हनते, तुले का सांगू? तुमच्याशीच बोलली होती थे चार शब्द."

"मग मी येऊ का?"

"नका येऊ जी," ती लगेच म्हणाली. आणि तरी उठली नाही. पिशवी मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसूनच राहिली.