अर्थएनु सर आणि आईची नागीण

आमच्या अॅनाटॉमीच्या सरांपुढे नुसतं नाव सांगून सुटका नसे. हाडावर बोट ठेवून आपण छातीठोकपणे "टिबिया" म्हणावं, तर सर चष्म्यावरून बघत म्हणणार, "हेसरु आयतु. अर्थ एनु?" नाव झालं, अर्थ काय? म्हैसूरच्या आमच्या मेडिकल कॉलेजात कन्नड, मराठी, तमिळ, कोडवा अशा सगळ्या घरांतली मुलं होती आणि सगळ्यांना हा एकच प्रश्न. त्यामुळे सरांचं खरं नाव हजेरीपटाच्या बाहेर कुणी घेतलंच नाही. ते अर्थएनु सर. त्यांनाही ते ठाऊक होतं. "माझ्या नावाला निदान अर्थ तरी आहे," असं म्हणून ते खुशाल हसत.

अर्थ तोंडी सांगून त्यांचं पोट भरत नसे. सायकलच्या हँडलला एक कापडी पिशवी लटकलेली असायची, तीत त्या दिवसाचा अर्थ असायचा. टिबियाच्या दिवशी तीतून बासरी निघाली, कारण रोमन लोक बासरीला टिबिया म्हणत. सरांनी ती वाजवूनही दाखवली, आणि त्यांनी अॅनाटॉमी पत्करली ते बरंच झालं अशी आमची खात्री पटली. पॅटेलाच्या, म्हणजे गुडघ्याच्या वाटीच्या दिवशी घरची छोटी ताटली आली. तिला सकाळची चटणी तशीच होती. कानातल्या कॉक्लियासाठी बागेतल्या दोन गोगलगायी आणल्या. त्यांतली एक निसटली आणि दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांच्या फायलीवर सापडली. सरांना बोलणी बसली असणार, पण त्यांनी ती मनावर घेतली नाहीत. आम्ही मात्र कॉक्लिया जन्मात विसरलो नाही. आजही पेशंटचा गुडघा तपासताना मला चटणीचा वास येतो.

नजरबाद भागात आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. पिढ्यानपिढ्या म्हैसुरात राहिलेलं मराठी कुटुंब, त्यामुळे वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडात जाऊन बसायचं. त्या घरात आजारी पडायची सोय नव्हती. एकदा मी वही द्यायला गेले तर काकू डोक्याला फडकं बांधून बसलेल्या आणि सर उभ्याउभ्या रंगात आलेले. "मायग्रेन म्हणजे अर्धं डोकं, मूळ ग्रीक शब्द! आपली आजी काय म्हणायची? अर्धशिशी! ती कुठं ग्रीसला गेली होती? पण दोघांना अर्धंच दिसलं, नोडी, बघा!" काकू डोळे न उघडता म्हणाल्या, "ते उरलेलं अर्धं तुमच्या बोलण्यानं दुखायला लागलं. कॉफी टाका आधी." सरांनी निमूटपणे कॉफी टाकली.

गल्लीतली माणसं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन त्यांच्याकडे यायची. सर औषध कधीच देत नसत, आजाराच्या नावाचा अर्थ देत. "डॉक्टरनं नाव दिलं, अर्थ दिला नाही, म्हणजे कुलूप देऊन किल्ली ठेवून घेतली," असं त्यांचं म्हणणं. माणसाला अर्थ कळला की अर्धी भीती जाते, यावर त्यांची श्रद्धा होती. माझीही होती. आमच्या आईच्या आजारपणात ती पार हादरली.

मी पहिल्या वर्षाला होते. वडिलांचं शिवणकामाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच, आणि काजं-बटणं आईकडे. एके दिवशी आईच्या उजव्या कुशीवर, बरगड्यांखाली, आग आग व्हायला लागली आणि पाणीदार फोडांची ओळ उठली. डॉक्टरांनी औषध दिलं, मलम दिलं, पंधरा दिवसांत सुकेल म्हणाले. पण तेवढ्यात बन्नूरची मावशी येऊन थडकली. तिनं पदर बाजूला करून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अय्यो, हे सर्पसुत्तु! नागीण नव्हे काय ही! कमरेला वेढा घालत येते. तोंड नि शेपूट मिळाली की मुगीतु, संपलं माणूस." आई हसली, पण तिचा हात कुशीवर गेला तो तिथंच राहिला.

दुसऱ्या संध्याकाळी सर चौकशीला आले. आईनं आशेनं चिठ्ठी पुढं केली. "सर, यात काय लिहिलंय ते तुम्ही तरी सांगा." सरांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हर्पीस झोस्टर! हर्पीस म्हणजे सरपटणारं. झोस्टर म्हणजे कमरपट्टा. पाहा अक्का, आपण नागीण म्हणतो, कन्नडात सर्पसुत्तु, आणि तिकडे ग्रीकांनाही तेच दिसलं! तिघांचं एकमत!" त्यांना आनंद मावेना. आईचा चेहरा पांढराफटक पडला. मावशी म्हणाली, "ऐकलंस? यांच्या पुस्तकात पण वेढाच आहे." सर कॉफी पिऊन समाधानानं गेले.

त्या रात्रीपासून आईनं जेवण सोडलं. सकाळी उठून ती वडिलांची टेप घ्यायची आणि फोडांच्या एका टोकापासून, न दुखणाऱ्या बाजूनं फिरवून, दुसऱ्या टोकापर्यंत मापायची. "काल सव्वीस होतं, आज पंचवीस." तिसऱ्या दिवशी तिनं कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि कुठली साडी कुणाला द्यायची ते सांगायला लागली. मी डॉक्टर व्हायला निघालेली, पण आमचं अजून हातापायांतच चाललं होतं, मज्जातंतू लांब होते. आणि पिकतं तिथं विकत नाही, माझं कोण ऐकतं? घोटभर ताकही तिच्या घशाखाली उतरेना. ती खरोखर मरणार असं मला वाटू लागलं. नागिणीनं नव्हे, भीतीनं.

मी तडक कॉलेजात गेले. सर वर्गात होते. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "सर, तुमच्या अर्थानं माझी आई मरायला टेकलीय." असं सरांशी कुणी बोललं नव्हतं. त्यांनी हातातलं हाड खाली ठेवलं, वर्ग तसाच सोडला आणि सायकल काढली. पिशवी घ्यायचीसुद्धा विसरले.

आमच्या घरी येऊन ते आईसमोर पाटावर बसले. "अक्का, चुकलं माझं. अर्थ खरा आहे, पण नाव ठेवणाऱ्याला जेवढं दिसलं तेवढाच तो असतो. त्यानं समोरून पाहिलं, पट्टा दिसला, पट्टा म्हणाला. मागं जाऊन बघितलंच नाही त्यानं. आणि मी शब्दाला भुललो." मग त्यांनी विचारलं, "कोटाची पाठ कशी बेतता तुम्ही?"

"दोन तुकड्यांत. मधे शिवण," आई क्षीण आवाजात म्हणाली.

"उजव्या तुकड्यातलं सूत डाव्या तुकड्यात जातं काय?"

"कसं जाईल? शिवणीपाशी संपतं की ते."

"अष्टे! तेवढंच. देवानं आपलं अंग तसंच बेतलंय. मणक्यातून एक सूत उजवीकडं निघतं, एक डावीकडं. उजवं सूत पुढं मध्यावर येऊन संपतं. ही तुमची नागीण एका सुतावरून चालते. सूत संपलं की तिची वाट संपली."

मग ते ओसरीवर गेले, रस्त्याकडे तोंड करून बसले, आणि तिथून मला ओरडून सांगू लागले. मी दार लावून घेतलं आणि वडिलांचा निळा खडू ओला करून आईच्या पाठीवर मणक्यांवरून सरळ रेष ओढली, पुढे छातीपासून बेंबीच्या खालपर्यंत दुसरी. "ओढलीस, पुट्टी, पोरी?" "ओढली, सर." "अक्का, आता टेप बेडा, नको. रोज फक्त रेष पाहायची. फोड रेषेपलीकडं गेला तर वर्गात अर्थ विचारायचं मी कायमचं बंद करतो." आमच्या वर्गातली निम्मी मुलं या बातमीनं खूश झाली असती, पण सरांचा आवाज कापत होता. मला पहिल्यांदा त्यांची दया आली.

पुढचे चार दिवस ते सकाळी सातला फाटकापाशी सायकल टेकवून उभे राहत. आत येत नसत. मी बाहेर येऊन सांगे, "आहे तिथंच आहे." मागच्या बाजूनं फोड रेषेच्या बोटभर अलीकडे येऊन थांबले होते. आई दोन आरसे धरून स्वतः बघायची, मग मावशीला बघायला लावायची. पाचव्या दिवशी खपल्या धरल्या. आईनं आरसे खाली ठेवले आणि मावशीला म्हणाली, "सुम्ने नुसती बसू नकोस, भात टाक. भूक लागलीय मला." मावशीनं भात टाकला आणि त्या दिवसानंतर नागिणीचं नाव काढलं नाही. मी फाटकाशी जाऊन सांगितलं तेव्हा सरांनी चष्मा काढून पुसला आणि काही न विचारता निघून गेले.

बरी झाल्यावर आईनं त्यांना मुद्दाम जेवायला बोलावलं. वाढता वाढता म्हणाली, "सर, तो कमरपट्टा कशाचा असायचा? चामड्याचा का कापडाचा?" सर घास हातात धरून थांबले. "गोत्तिल्ला अक्का. ठाऊक नाही." अर्थएनु सरांना अर्थ ठाऊक नाही, हे मी त्या एकदाच ऐकलं. महिनाभर त्यांनी ग्रंथालयं पालथी घातली आणि एका रविवारी धापा टाकत आले. "अक्का, झोस्टर म्हणजे लढाईवर जाणाऱ्या शिपायाचा चामडी पट्टा. बायकांच्या पट्ट्याला वेगळा शब्द होता!" आई काज करता करता म्हणाली, "तरीच अर्ध्यावर थांबला. बाईचा असता तर गाठ मारूनच मोकळा झाला असता." सर इतके हसले की वडील दुकानातून उठून आत आले.

त्यानंतरही वर्गात त्यांचा प्रश्न चालूच राहिला. आजारी माणसाला मात्र ते आधी विचारत, "अर्थ सांगू, की नको?" आणि नको म्हटलं तर मुकाट्यानं शेजारी बसत. मी पुढे डॉक्टर म्हणून जे काही बरं केलं असेल, त्यातलं निम्मं मी या गप्प बसण्यातून शिकले. निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे बंगळूरला गेले. निरोप घ्यायला आमच्याकडे आले ते तासभर आईशीच बोलत बसले. मी, त्यांची डॉक्टर विद्यार्थिनी, आत कॉफी करत होते.

काही वर्षांनी मुलाचं कार्ड आलं, सर गेले. मी ते वाचून दाखवलं. आई उठली, न्हाणीघरात गेली आणि डोक्यावरून पाणी घेऊन ओलेत्यानं बाहेर आली. आमच्यात नात्यातलं माणूस गेल्याचं कळलं की अशी आंघोळ करतात. मावशी तेव्हा आलेलीच होती. ती म्हणाली, "अगं, सुतक असल्यासारखी काय न्हालीस? ते आपले कोण?"

आई केस पिळत म्हणाली, "मला अक्का म्हणायचे की."