सासूबाईंची गच्ची आणि भाड्याची पॅनेलं

आमच्या गल्लीत तेव्हा गच्ची एकच होती, आमची. बाकीची घरं कौलारू, नाहीतर पत्र्याची. लग्न होऊन तलासरीहून डहाणूला आले तेव्हा मला वाटलं होतं, गच्ची म्हणजे संध्याकाळी वारा खायची जागा. एप्रिल उजाडला आणि माझा गैरसमज दूर झाला. सकाळी सकाळी गल्लीतल्या सगळ्या बायका डोक्यावर पराती, बगलेत चटया घेऊन आमच्या जिन्याखाली उभ्या. जिन्याच्या दाराची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. त्या पुढे, बायका मागे, आणि सगळ्यात मागे मी, पाण्याची कळशी घेऊन.

वर गेल्यावर सासूबाई वाटणी करायच्या. ती वाटणी मी आयुष्यात विसरणार नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे वारा समुद्राकडून येतो, पश्चिमेकडून. त्यामुळे पश्चिमेच्या कठड्याला पापड, कुरडया, साबुदाण्याच्या चकल्या, आणि समोरच्या गुजराती मासींची बटाट्याची कातरी, म्हणजे वेफर. पूर्वेच्या कठड्याला, म्हणजे वाऱ्याच्या खालच्या अंगाला, सोडे, सुकट आणि बोंबील. मध्ये चिकूच्या फोडी, कारण चिकू कोणाच्याच वाटेला जात नाही. एकाच गच्चीवर मासे आणि मासींची कातरी महिनाभर सुखाने वाळायची आणि एकाचा वास दुसऱ्याला लागायचा नाही. सासूबाई चिंचणीच्या. बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडीखालून धावत लहानपण गेलेलं, त्यामुळे वाऱ्याशी त्यांची जुनी ओळख. गल्लीत बाकी कशाहीवरून भांडणं व्हायची, वाळवणावरून नाही. आणि हे आपल्यामुळे आहे, हे सासूबाईंना पक्कं माहीत होतं. घरात त्यांचं फारसं कोणी ऐकत नसे, पण गच्चीवर त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

हे सगळं माहीत असूनही सासरे त्या दिवशी जे बोलले ते बोललेच.

सासरे निवृत्त शिक्षक. गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. नव्या गोष्टीचं त्यांना भारी वेड. घरात कुठलीही योजना आली की त्यांच्या डोळ्यांत चमक यायची आणि आम्ही खर्चाचा हिशेब मांडायचो. नोटाबंदीच्या रांगा नुकत्याच ओसरल्या होत्या, तेव्हा वापीहून एका सोलर कंपनीचा माणूस आला. तरुण, हसरा, मराठी बोलता बोलता गुजरातीत घसरणारा. त्याचं म्हणणं सोपं होतं. पॅनेलं कंपनीची, बसवणार कंपनी, बिघडली तर बघणार कंपनी. आपण फक्त छप्पर द्यायचं आणि महिन्याला भाडं भरायचं. विजेचं बिल उतरेल ते भाड्याहून जास्त उतरेल.

मला ते पटलं, हे आधीच सांगते. माझा नवरा रेल्वेत, रात्रपाळी करून यायचा आणि दिवसा झोपायचा. मे महिन्यात दुपारी बारा वाजता डहाणूत पंख्याखाली झोपून दाखवा म्हणजे कळेल. आम्ही एसी घेतला होता आणि बिल आलं की घरात शोककळा पसरायची. त्यामुळे मी चहाबरोबर खारी बिस्किटंही पुढे केली.

कंपनीवाल्याने विचारलं, "सर, गच्चीचा वापर काय होते?"

सासरे म्हणाले, "काही नाही हो. रिकामीच असते. वर कोण जातंय?"

सासूबाई नेमक्या जिन्यावरून खाली येत होत्या. हातात सुपात चिकूच्या फोडी. त्या पायरीवर थांबल्या, एकदा सासऱ्यांकडे बघितलं आणि आत गेल्या. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने दुसऱ्यांदा चहा आला. कंपनीवाल्याचा गोड होता, माझा गोड होता. सासऱ्यांनी पहिला घोट घेतला आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला. त्यात साखरेचा कणही नव्हता. पाहुण्यासमोर बोलायची सोय नाही, त्यांनी तो मुकाट संपवला.

पॅनेलं बसली. बुटक्या लोखंडी पायांवर, तिरपी, दक्षिणेकडे तोंड करून, मधली आणि दक्षिणेची सगळी जागा खाऊन. उत्तरेला एक पट्टा तेवढा उरला. सासऱ्यांनी नारळ आणला, हळदकुंकवाचं ताट मागितलं. सासूबाई म्हणाल्या, "भाड्याच्या वस्तूला कोण कुंकू लावतं? आपलं असतं त्याला लावतात." नारळाची त्यांनी दुपारी चटणी केली. छान झाली होती, पण सासऱ्यांना मागून घ्यावी लागली.

सासरे मात्र हवेत. कोपऱ्यावरच्या दुकानापासून स्टेशनपर्यंत सगळ्यांना सांगून झालं, "आता सगळ्या गावचे दिवे जातील, आमचे नाही." आमच्या गच्चीवरून थर्मल वीजकेंद्राची चिमणी दिसते, तरी आमचे दिवे जायचे ते जायचेच, त्यामुळे ही बातमी मोठी होती. पुढच्याच आठवड्यात भर दुपारी लाईट गेली. शेजारचे दोघेतिघे मुद्दाम आमच्या ओट्यावर आले, थंड हवेत बसायला. आमचा पंखा त्यांच्या पंख्याबरोबरच थांबला होता. फोन लावला तर कंपनीवाला म्हणाला, "सर, तारेवर लाईनमन काम करत असेल ने, त्याला शॉक नको लागायला. म्हणून बाहेरची लाईट गेली की आपलं पण आपोआप बंद." सासरे हे शास्त्र शेजाऱ्यांना समजावत बसले. शेजारी घाम पुसत हो हो म्हणाले. पुढे कितीतरी दिवस लाईट गेली की गल्लीतून कोणीतरी ओरडायचं, "मास्तर, तुमची आहे ना?"

मी हसले, पण सासूबाई हसल्या नाहीत. त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "एवढ्याशा पट्ट्यात कातरी आणि बोंबील शेजारी शेजारी ठेवू? मासी पुन्हा पायरी चढतील का आपली?" मी म्हटलं, "आई, काहीतरी करू." काय करू ते मला माहीत नव्हतं. त्यांची किल्ली अजून कमरेला होती, पण त्या वर जायच्या थांबल्या होत्या. ते बघून मला वाईट वाटायचं आणि सासऱ्यांचा रागही यायचा.

एप्रिल आला. पराती आल्या. जिन्याखाली बायका उभ्या राहिल्या आणि सासूबाईंकडे बघू लागल्या. त्यांना नाही म्हणणं सासूबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी दार उघडलं.

मी तेव्हा ऑफिसला होते, त्यामुळे पुढचं मला मासींनी सांगितलं. सासूबाई म्हणे पॅनेलांपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी एका काचेला हात लावून बघितला आणि चटकन मागे घेतला. तापलेली, गुळगुळीत, स्वच्छ आणि उन्हाकडे बरोब्बर तोंड केलेली जागा. वाळवणासाठी याहून चांगलं काय असतं? त्यांनी जुनी धुवट सुती लुगडी मागवली, पॅनेलांवर ताणून कोपरे लोखंडाला बांधले आणि वर पापड घातले. पश्चिमेच्या पॅनेलांवर पापड आणि कातरी, पूर्वेच्या पॅनेलांवर सोडे, मध्ये चिकू. वाटणी जशीच्या तशी. मासी सांगत होत्या, "अरे बेन, दुपारपर्यंत पापड कडक! कडक एटले कडक! मी तर म्हटलं, मास्तरांनी हे आपल्यासाठीच बसवलं."

सगळी गल्ली खूश. सासूबाई तर विचारू नका. रात्री जेवताना त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "तुमची पॅनेलं वाईट नाहीत हो." सासरे एवढे सुखावले की कारण विचारायचं राहूनच गेलं. गुडघे दुखतात म्हणून ते वर जात नसत, आणि मी म्हटलं, मी कशाला सांगू? घर थंड, सासूबाई खूश, गल्ली खूश.

चौथ्या-पाचव्या दिवशी कंपनीवाल्याचा फोन आला. त्या पॅनेलांची वीज किती होते ते त्यांना वापीत बसून कळतं. "सर, तुमच्याकडे अचानक काय झालं? झाड वाढलं काय? सावली पडते." सासरे म्हणाले, झाड नाही. "मग धुरळा?" धुरळाही नाही. मग तो मोटारसायकलवर स्वतःच आला. रविवार होता, मी घरी होते. त्याला वर नेताना मी मुद्दाम हळूहळू चढत होते. मागून सासरेही कधी नव्हे ते गुडघे धरत चढले.

वर दहाबारा बायका, आणि कंपनीचं एकही पॅनेल दिसत नव्हतं. लुगडी, पापड, सोडे, आणि एका कोपऱ्यात वाळत घातलेली माझीच ओढणी. तो दारातच उभा राहिला. सासऱ्यांनी डोक्याला हात लावला. "अगं, हे काय केलंस? त्यांनी काढून नेलं तर?"

कंपनीवाला कसाबसा म्हणाला, "काकी, यावर काही ठेवायचं नाही. त्याला ऊन लागतं ने."

सासूबाई म्हणाल्या, "मग पापडाला काय लागतं? तुमचं ऊन वेगळं आणि आमचं वेगळं आहे का? आम्ही इथे तुमच्या आधीपासून आहोत. ह्यांनी तुम्हाला सांगितलं गच्ची रिकामी असते. मी काय मेले होते?"

सासरे कठड्याकडे बघत राहिले. एवढे महिने पोटात ठेवलेलं ते वाक्य सगळ्या गल्लीसमोर बाहेर पडलं होतं. काय करावं सुचेना, म्हणून मी जवळच्या परातीतली पापडाच्या पिठाची एक लाटी तेलात बुडवली आणि कंपनीवाल्याच्या हातावर ठेवली. आमच्याकडे पापड लाटताना आलेल्या माणसाला लाटी दिल्याशिवाय जाऊ देत नाहीत. त्याने ती तोंडात टाकली आणि तिथेच मांडी घालून बसला. "माझी बा पण आता तांदळाचे खिचिया पापड सुकवते," तो म्हणाला. "खाटलीवर. आणि मला पण असंच ओरडते." मासींनी त्याला दुसरी लाटी दिली. मग तिसरी.

तिसऱ्या लाटीला त्याला उपाय सुचला. पॅनेलं उंच करायची. बुटके पाय काढून माणूस खालून चालेल एवढे उंच खांब लावायचे आणि सगळी पॅनेलं गच्चीच्या मधोमध घ्यायची. पश्चिम मोकळी, पूर्व मोकळी. "साहेबांना मी मनवतो. पण काकी, वर काही टाकायचं नाही. आणि इथे खारा वारा. काचेवर थर बसते. आमचा धुणारा माणूस लांबून येते, कधी येते, कधी नाही."

"धुवायचं मी बघते," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांना मनवायला त्याने काय केलं माहीत नाही. जाताना डबाभर सोडे आणि पापड नेले होते, त्यांचा काही हात असावा. पावसाआधी खांब बसले. पुढच्या उन्हाळ्यात तर गच्चीची मजाच झाली. आधी बायका वाळवण घालून उन्हाच्या कडाक्याने खाली पळायच्या. आता मधोमध मांडव झाला होता. पश्चिमेला पापड, पूर्वेला बोंबील, मध्ये सावलीत पोळपाट, लाटणी आणि दिवसभराच्या गप्पा. मासी कातरीवर नजर ठेवायला येऊन संध्याकाळीच परत जायच्या. खाली माझा नवरा एसीत झोपायचा आणि वरच्या हसण्याने उठायचा.

सासूबाई रोज पहाटे, काच गार असताना, पाईप आणि बांबूला बांधलेलं मऊ फडकं घेऊन पॅनेलं धुवायच्या. आधी शब्द दिला म्हणून. मग सवय म्हणून. मग मी पाहिलं, त्या पॅनेलांशी बोलायला लागल्या होत्या. कावळ्याने घाण केली की कावळ्याला शिव्या आणि पॅनेलाची समजूत.

त्या वर्षी दसऱ्याला सासऱ्यांनी नेहमीसारखी मांडणी केली. शिलाई मशीन, कोयता, विळी, नवऱ्याची स्कूटर, माझा लॅपटॉप. पूजा झाली. सासूबाईंनी ताट उचललं आणि जिना चढायला लागल्या. सासरे झेंडूची माळ घेऊन मागे. वर पोचताच ते माळ काचेवर टाकायला गेले, तशा सासूबाई ओरडल्या, "अहो, काचेवर नको! सावली पडेल. वापीहून फोन येईल!" त्यांनी माळ खांबाला बांधली. खांबाला हळदकुंकू लावलं, आपट्याचं पान खोचलं.

सासऱ्यांना राहवलं नाही. "भाड्याचं आहे ना ते?"

"असू दे. रोज आंघोळ मी घालते. कंपनीने घातली का एकदा तरी?"

तेवढ्यात खालून हाक आली. कंपनीवाला तलासरीच्या एका गिऱ्हाइकाला आमचे उंच खांब दाखवायला घेऊन आला होता. पाहुण्याने वर येऊन चहूकडे बघितलं. उन्हाळा सरला होता, गच्चीवर एक चटईसुद्धा नव्हती. तो म्हणाला, "मास्तर, गच्ची बरी रिकामी आहे तुमची."

सासरे म्हणाले, "रिकामी नाही. आणि माझीही नाही. गच्ची हिची आहे. काय विचारायचं ते हिला विचारा."

सासूबाई ऐकू न आल्यासारखं करून दुसऱ्या खांबाला कुंकू लावत राहिल्या. थोड्या वेळाने त्या खाली गेल्या आणि सगळ्यांना चहा आला. सासऱ्यांनी पहिला घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. त्यात इतकी साखर होती की चमचा उभा राहिला असता. त्यांनी तोही मुकाट संपवला.