हातावर धार पाहणारा लोहार

आखातातल्या इब्रा गावच्या बाजारात एक म्हातारा लोहार बसतो. सुरीला धार लावली की ती आधी स्वतःच्या हातावरून फिरवतो आणि केस साफ निघाले तरच गिऱ्हाइकाला देतो. ईदच्या आदल्या दिवशी मी आमच्या मटणाच्या दुकानातली सुरी घेऊन गेलो, तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाले होते.

धार लावून झाल्यावर तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "हात दे. माझे केस खलास."

मला नोकरीला तिसराच आठवडा चालू होता. सुरी बोथट निघाली तर अर्बाब, म्हणजे दुकानाचा मालक, घरी पाठवील अशी भीती, आणि हात कापला तर पाठवीलच.

"चाचा, कापलं तर?"

"कापलं तर पैसे नको."

मी डोळे मिटून हात पुढे केला. उघडले तेव्हा मनगटापाशी केसांची पट्टी गायब होती आणि रक्ताचा थेंबही नव्हता.

दुकानात अर्बाबने माझा हात पाहिला आणि सुरी न तपासताच कामाला घेतली. आठवीत शाळा सोडलेल्या माझं ते पहिलं सर्टिफिकेट.

अजून मी त्या लोहाराला सलाम करतो. ईद जवळ आली की तो माझ्या हातावरच्या केसांकडे बघतो आणि समाधानाने मान डोलावतो.