हिरव्या कपाटासमोरचं दार

माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, मोठ्या सरकारी दवाखान्यात चौकशीच्या खिडकीत बसतात. बावीस वर्षं झाली. लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहतात, आणि घराचाही त्यांनी दवाखानाच करून टाकलाय. बेलच्या बटणाखाली चिठ्ठी: ‘दोनदा दाबा, पहिल्यांदा वाजत नाही.’ न्हाणीघराच्या दारावर: ‘कडी लावताना दार वर उचला.’ पाहुणे हसतात. हसेनात का, पण कडी मात्र पहिल्या फटक्यात लावतात.

हे चिठ्ठ्यांचं खूळ लागलं एका म्हाताऱ्यामुळे. त्या वेळी वन्संही चारचौघींसारख्या खिडकीतून नुसता नंबर फेकायच्या. त्यांनी त्याला ‘सत्तावीस नंबर’ सांगितलं. तो गेला, परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्या वेळेपर्यंत डॉक्टर उठून गेले होते. म्हातारा म्हणाला, “बाई, तुम्ही सांगितलं ते बरोबरच असणार. मलाच मेल्याला सापडत नाही.” त्याने आरडाओरडा केला असता तर वन्सं विसरून गेल्या असत्या. तो समजुतीने बोलला, ते त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या स्वतः सत्तावीस नंबर शोधायला निघाल्या. तो दवाखाना तीनदा वाढवलेला, आणि प्रत्येक वेळी नंबर नव्याने घातलेले. एक्केचाळीसच्या शेजारी सत्तावीस, आणि अठ्ठावीस थेट दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट पहिल्या मजल्यावर थांबतच नाही. तेव्हापासून त्या नंबर सांगायच्या बंद झाल्या आणि चिठ्ठी द्यायला लागल्या. वाट कशी, बाक कुठे, डॉक्टर खरोखर किती वाजता येतात, जुने कागद लागतात का, सगळं चार ओळींत. माणूस जिथे थांबून डोकं खाजवतो, तिथे एक ओळ वाढवायची, हा त्यांचा हिशेब.

प्रत्येक नवी चिठ्ठी आधी माझ्यावर आजमावून बघत. मला डावं-उजवं कळत नाही, हे आमच्या घरात जगजाहीर आहे. “तू पोचलीस म्हणजे कोणीही पोचेल,” असं तोंडावर म्हणायच्या. मी रागवायची आणि तरी जायची. शिवाय रोज सकाळी कामाच्या अर्धा तास आधी जाऊन त्या अख्ख्या दवाखान्यातून एक फेरी मारत. बाक हलला का, पाटी पडली का, ते बघायला. त्यासाठी चहा उभ्याउभ्याच प्यायच्या, आणि मी रोज कटकट करायची.

मग दवाखान्यात नवे मोठे साहेब आले. त्यांच्याकडे कोणीतरी चुगली केली की खिडकीसमोरची रांग हलत नाही, बाई निबंध लिहीत बसतात. साहेबांनी फर्मान काढलं: एक तारखेपासून नंबर देणारं यंत्र बसेल, खिडकी बंद, बाईंनी तळघरात जुन्या कागदांच्या खोलीत बसावं. वन्संच्या नोकरीची चार वर्षं उरली होती. घरी आल्या, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाल्या, “तळघरात कोणी वाट विचारायला येत नाही गं.” एवढंच. त्यापुढे घरात एकही नवी चिठ्ठी लागली नाही. मला तर ते घर आपलं वाटेनासं झालं.

एक तारखेला आठ दिवस होते तेव्हाची ही गोष्ट. माझा कान ठणकत होता, म्हणून त्या मंगळवारी मी त्यांच्याबरोबर निघणार होते. आदल्या दिवशी त्यांची रजा होती. सकाळी त्या चपला घालायला लागल्या तशी मी हात धरून बसवलं. म्हटलं, “आठ दिवसांच्या तुम्ही पाहुण्या तिथल्या. कशाला फेऱ्या मारताय? आज तरी बसून चहा प्या.” त्या बसल्या. एरवी बसल्या नसत्या. इतक्या खचल्या होत्या हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्यामुळे सकाळची फेरी चुकली. खिडकीतून मला बाकीच्यांसारखीच चिठ्ठी मिळाली: ‘कान. जिना चढून डावीकडे. हिरवं कपाट दिसेल, त्याच्या समोरचं दार. दारावर काहीही लिहिलेलं असो, लक्ष देऊ नका, सरळ आत जा. बसून घ्या. कोणता कान दुखतो ते आधी सांगा.’ पाटीची ओळ घालायचं कारण असं की कानाच्या खोलीवर कित्येक वर्षं ‘एक्स-रे’ची पाटी होती.

मी जिना चढले, घड्याळ कोणत्या हाताला आहे ते बघून डावीकडे वळले, हिरवं कपाट दिसलं. समोरच्या दारावर लिहिलं होतं, ‘परवानगीशिवाय आत येऊ नये.’ मी लक्ष दिलं नाही. सरळ आत गेले.

आत वीसेक माणसं आधीच होती. सोफ्यावर चार, खुर्च्यांवर सहा, बाकीची भिंतीला टेकून. मोठ्या टेबलामागे एक गृहस्थ फोन हातात धरून थिजलेले, आणि एक आजीबाई त्यांना सांगत होत्या, “डावा. थंडीत जास्त.” मी म्हटलं, “माझा उजवा.” तेवढ्यात मागून आणखी तिघं आली.

ते मोठे साहेब होते. आदल्या दिवशी त्यांनीच ते कपाट कानाच्या खोलीसमोरून उचलून आपल्या दारासमोर आणवलं होतं, फायली जवळ असाव्यात म्हणून.

शिपाई धावत जाऊन वन्संना घेऊन आला. त्यांनी दारातून कपाट पाहिलं, माणसं पाहिली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. फेरी चुकली ती माझ्यामुळे. आता वन्संचे हे आठ दिवसही गेले, आणि जाताना नाचक्की झाली, असं मला झालं.

“चूक माझी आहे, साहेब,” वन्सं म्हणाल्या. “कपाट हललंय का ते मी आज बघायला हवं होतं.” आणि पेन काढून त्या आजीबाईंची चिठ्ठी दुरुस्त करायला लागल्या. कपाट कोणी हलवलं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

साहेबांनी माझ्या हातातली चिठ्ठी मागून घेतली. दोनदा वाचली. मग खोलीकडे बघून म्हणाले, “तुमच्यापैकी कोणी वाटेत कोणाला विचारलं होतं?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक काठीवाले आजोबा म्हणाले, “विचारायचं कशाला? लिहिलंय की सगळं. दहा वर्षं येतोय इथे. कोणाला विचारावं लागलं नाही, आणि चुकलो तोही आजच.”

साहेबांना हसू आवरेना. आधी ओठ दाबून हसले, मग चांगलं खुर्चीत मागे रेलून. म्हणाले, “बाई, मी रुजू झालो त्या दिवशी ही माझीच खोली शोधायला मला अर्धा तास लागला. चार जणांनी चार वाटा सांगितल्या. आणि तुमची ही तेवीस माणसं चुकली, तीही सगळी एकाच खोलीत.”

यंत्र आलं, पण खिडकी बंद झाली नाही. नंबर ते देतं आणि चिठ्ठी वन्सं देतात. रांगही हलते, कारण एकदा गेलेला माणूस परत विचारायला येत नाही. हिरवं कपाट त्याच दुपारी जागेवर गेलं, आणि त्यावर साहेबांच्या सहीचा कागद लागला: ‘दवाखान्यातील कोणतेही कपाट, बाक किंवा पाटी हलवण्यापूर्वी चौकशीच्या खिडकीत विचारावे.’ मजकूर वन्संनीच सांगितला असणार, चार ओळींच्या आत बसवलाय.

माझा कान त्या दिवशी बघायचा राहूनच गेला. मी घरी येऊन आधी पोटभर रडले आणि मग एकटीच हसत बसले.

दुसऱ्या दिवशी लवकर उठून मी चहा केला, पेला घेऊन दारात गेले आणि चपला घालणाऱ्या वन्संच्या हातात दिला. म्हटलं, “उभ्याउभ्याच प्या. फेरीला उशीर होईल.”