पुढं केलेलं घड्याळ

भिसेगावच्या हर्षलाला एका जागी बसवायचं तर खुर्चीला बांधायलाच हवं. चहा निवायच्या आत ती तीनदा उठते. अशा बाईला काम मिळालं ते वेळेचं. खालापूरच्या तिच्या कंपनीत शीतगृहांतल्या यंत्रांकडून नोंदींचा ओघ सतत चालू असतो. त्यातली वेळ मजकुरासारखी लिहिलेली येते आणि दोन वेळांच्या वजाबाकीसाठी संगणकाला ती आकड्यात लागते. हे रूपांतर करणारा प्रोग्राम हर्षलाचा. त्याला कुणी नावं ठेवली की तिचं नाक लाल व्हायचं.

एका दुपारी चौक गावच्या शीतगृहातलं कूलिंग बंद पडलं, भोंगा वाजला आणि कोंबड्यांच्या लशी टाकून द्याव्या लागल्या. तिथले ऑपरेटर सखाकाका, हर्षलाच्याच आळीतले. भोंग्याची वेळ एका यंत्रातून आली होती, काकांनी तो बंद करायचं बटण दाबल्याची दुसऱ्यातून. साहेबांनी दोन आकड्यांची वजाबाकी केली, फरक मोठा निघाला, तसे ते म्हणाले, माणूस झोपला होता, काढून टाका.

हर्षलाला ते पटेना. प्रोग्राम तिने पुन्हा पुन्हा तपासला. चूक कुठेच नव्हती. शेवटी ती स्कूटी काढून चौकला गेली.

"भोंगा वाजला तसा मी बटणाकडं पळालो गं," सखाकाका म्हणाले.

तिने बटणाच्या पॅनलवरचं घड्याळ पाहिलं, मग मोबाइल. पॅनलचं घड्याळ चांगलंच पुढं होतं. प्रोग्रामने तीच वेळ खरी मानून इमानदारीत आकडा केला होता. तिला हसू आलं आणि तितकाच रागही.

"हे कुणी केलं?"

काकांनी आधी दार लोटलं. "आमीच. सुट्टी याच घड्याळावर व्हते. पॅकिंगच्या बायांची कर्जतची एसटी चुकायची, मग दुसरी पार अंधारात. सकाळी त्या आधीच येतात, कामात खोट नाय."

"मग हे साहेबांना सांगायला हवं, काका."

"नको. माझं मी बघीन. बायांचं सांगू नको."

परतताना ती स्वतःशीच भांडत राहिली. गप्प बसावं तर तिच्या आकड्यावर एका खऱ्या माणसाची नोकरी जाणार. तिला ते सोसवेना. ऑफिसात शिरल्या शिरल्या, पाणीही न पिता, तिने साहेबांना सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी काकांना कामावर ठेवलं आणि घड्याळ नीट करून त्याला कुलूप लावलं.

दोन दिवसांनी हर्षला मुद्दाम चौकच्या फाट्यावर थांबली. कर्जतची एसटी निघून गेली, आणि मागून पॅकिंगमधली जना धावत आली, तिच्या पाठोपाठ बाकीच्या. सगळ्यांच्या शेवटी सखाकाका. त्यांना गाडीसाठी थांबायचं कारण नव्हतं, सायकल होती. तरी ते बायांबरोबर उभे राहिले.

"काका," हर्षलाने हाक मारली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.