बहिणीच्या दारापुढचे ठिपके

बहिणीच्या नवऱ्याने मंचरजवळच्या आमच्या माहेरी लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "आई, ताई, हे बघा. आमच्या शहरात कुठे काय गुन्हा घडला ते पोलीस नकाशावर टाकतात. घरबसल्या कुणालाही दिसतं."

दोन हजारच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. धाकटी बहीण अमेरिकेत, तिला दिवस गेलेले. बाळंतपणाला आईने यावं म्हणून जावई कागदपत्रं घेऊन आला होता. नवं घर किती चांगल्या वस्तीत आहे हे दाखवायला त्याने नकाशा काढला. घराच्या खुणेभोवती लाल-निळे ठिपके होते.

"हे काय?" आईने विचारलं.

"ही सायकल चोरी. ही गाडीची काच फोडलेली. हे किरकोळ, आई. इतर वस्त्यांपेक्षा खूप कमी."

आईने कमी-जास्त काही ऐकलं नाही. तिने ठिपकेच पाहिले. "आन् आपल्याकडलं दाखवा की, पावणं."

त्याने जुन्नर, आंबेगाव आणलं. तिथे नुसते रस्ते आणि नद्या. तिथल्या पोलिसांनी आमच्याकडचे ठिपके का टाकावेत? पण आई माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, तुझ्याकडं काय बी न्हाई."

मला राग आला. माझा मळा ओतूरच्या पुढे, तीन बाजूंना ऊस. त्या पावसाळ्यात वाघाने आमचं कुत्रं पडवीतून उचललं होतं. बिबट्याच तो, पण आम्ही वाघच म्हणतो. मी आईला फोन केला तेव्हा ती म्हणाली होती, "दाराला कडी घालून झोपा." बस्स, एवढंच. बहिणीच्या गल्लीतली कुणा परक्याची सायकल गेली, तर आईने तिच्यासाठी सोमवार धरले.

तरी मनात म्हटलं, बरं झालं. आता ही घाबरेल आणि जाणार नाही. दिवाळीनंतर ऊस तुटायला लागला की आई दरवर्षी माझ्याकडे येऊन राहायची. ऊस तुटला की वाघ उघड्यावर येतो. शेतीची वीज रात्रीच येते, त्यामुळे नवरा पाणी धरायला रानात. घरात मी आणि दोन मुलं. आई असली की मला झोप लागायची. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात?

आईने लॅपटॉपकडे बोट केलं. "एवढ्या चोरांत पोर एकटी. मला गेलंच पायजे."

जाण्याआधी तिने भीमाशंकरला जाऊन बहिणीच्या नावाने अभिषेक केला. परत येताना माझ्यासाठी पेढे आणले. मी ते कामाला आलेल्या बायकांना वाटून टाकले.

त्या हंगामात टोमॅटो बाजारात घालायला नारायणगावला गेले की मी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत शिरायची. नकाशाचा पत्ता जावयाकडून लिहून घेतला होता. शाळेत शिकलेलं इंग्रजी तेवढ्याला पुरायचं. बहिणीच्या घराजवळ नवीन ठिपका दिसला की मला बरं वाटायचं. एवढं मोठं घर, दोन गाड्या, माझी आईसुद्धा तिच्याकडे. मग चार ठिपके असू देत की तिच्या वाट्याला.

एकदा ठिपका थेट तिच्या घरावर दिसला.

मी तशीच उठले. कॅफेवाल्याला पैसे देऊन बाहेर आले आणि बूथवरून फोन लावला. बहिणीने उचलला. मी काही विचारायच्या आतच ती हसायला लागली.

"ताई, अगं आईचा पराक्रम! पहाटे उठून घराभोवती थाळी वाजवत फिरत होती. शेजारणीने पोलीस बोलावले."

थाळी वाजवायची रीत आमच्या मळ्यातली. दिवस मावळला की आम्ही बायका अंगणात थाळ्या-डबे बडवतो, म्हणजे वाघाला माणसाची जाग कळते. आई माझ्याकडेच ते शिकली होती. आता ती बहिणीच्या दारात पहारा देत होती.

आईने फोन घेतला. आवाजात जरासुद्धा ओशाळेपणा नव्हता. "दोन पोलीस आल्ते. लई सभ्य. मला म्याडम म्हनले. मी त्यास्नी चहा दिला."

"आई, चोर थाळीला भीत नाहीत."

"तवापास्नं एक बी आला न्हाई."

"तिथे दाराला कुलपं आहेत, जावई घरात आहे, बोलावल्याबरोबर पोलीस येतात. तुला इकडे कधी यायचंय?"

"येवडं लेकरू टाकून कशी येऊ? हिला काय जमतं? पोरगं रडलं की ही बी रडती."

"आणि माझ्याकडे ऊस तुटायला लागलाय त्याचं काय?"

"तुझं काय गं. तू खमकी. तू वाघाला भीत न्हाईस."

"कुणी सांगितलं भीत नाही म्हणून?" मी बूथमध्ये ओरडलेच. बाहेर उभा असलेला माणूस वळून बघायला लागला. "भिते मी. लई भिते. तू इथे यायचीस म्हणून झोपायची."

आई हळूच म्हणाली, "मग बोलली का न्हाईस कधी?"

"ती कधी बोलली? तिच्यासाठी तू नकाशा बघून गेलीस."

आई म्हणाली, "तसं न्हाई गं..." मागे बाळ रडायला लागलं. "थांब हां," म्हणून तिने फोन बाजूला ठेवला. मी थांबले. बाळ शांत होत गेलं, आईचं गुणगुणणं ऐकू आलं. मी लहान असताना हेच ती माझ्यासाठी म्हणायची, की धाकटी झाल्यावर सुरू केलं, ते आठवेना. बाहेरच्या माणसाने काचेवर टकटक केली, तशी मी फोन ठेवला.

ठरलेलं तिकीट होतं, त्याच दिवशी आई परत आली. त्याच्या आधी नाही. तोवर आमचा ऊस कारखान्याला गेलाही होता.